सैल लगाम

आमच्या अर्नाळ्यात वरातीला घोडी देणारा एकजण आहे. माणसांशी तुसडा, पण घोडीजवळ जाताना विचारतो, "बाय, येऊ का गं?" घोडी नवी, बुजरी. तिने मान वळवली की मगच हा पाण्याची बादली पुढे करणार.

माझ्या भाच्याच्या वरातीत पोरांनी फटाके लावले आणि घोडी थरथरत जागीच थांबली. भाऊजी ओरडले, "अरे, ओढ ना तिला! मुहूर्त टळतोय!"

"आज ओढली तर उद्या जवळ येल का माझ्या?" घोडीवाला म्हणाला, आणि नवरदेवाला सरळ खाली उतरवलं. मग लगाम सैल सोडून तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. बाई गं, भरवरातीत!

नवरदेव चालतच मांडवाकडे निघाला. मी वळून पाहिलं, तर घोडीनं घोडीवाल्याच्या खांद्यावर तोंड टेकलं होतं.