समजा, हिला घेतलं तर

अहमदपूरला आमच्या शाळेसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारा तो माणूस कॉलेजात असताना बेसबॉल खेळलेला. गिऱ्हाईक नसलं की खराब कागदाच्या पाठीवर नऊ-नऊ नावांचे दोन संघ मांडायचा आणि शंभर सामन्यांत कोण किती जिंकेल ते लिहायचा. बोलणं कायम ‘समजा’पासून सुरू. "समजा, हिला बॅटिंगला तिसरी पाठवली तर पन्नास. पाचवी पाठवली तर पंचेचाळीस."

लातूरच्या सामन्याआधी शाळेच्या मुलींच्या बेसबॉल संघात एकच जागा उरली होती. त्याची लेक की माझी, हे खेळाच्या सरांनी त्यालाच विचारलं. मी तिथंच उभा होतो. त्यानं दोन्ही संघ मांडले, तीनदा मोजलं, घाम पुसला.

"समजा, माझी घेतली तर चाळीस. गुरुजींची घेतली तर साठ," म्हणाला आणि लेकीच्या नावावर काट मारली.

मला आनंद व्हायला हवा होता.

सामना आम्ही एका धावेनं हरलो. शेवटी बाद झाली ती माझी मुलगी. मी त्याची नजर चुकवत होतो, तर तोच जवळ आला.

"साठ म्हणल्यावर चाळीसदा हारणं आलंच की, गुरुजी. पोरीला बोलू नका."

परतीच्या एसटीत त्यानं पिशवी ठेवून लेकीसाठी खिडकीची जागा धरली होती. ती आली, त्याच्याकडं न बघता पुढं गेली आणि माझ्या मुलीशेजारी बसली. अहमदपूर येईपर्यंत त्यानं ती पिशवी काही उचलली नाही.