लळिंगच्या उतारावर थांबलेली गाडी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि जे मानतात त्यांच्याशी मी जन्मभर भांडत आलोय. आताही हे लिहितोय ते रागानंच. ज्याला पटेल त्याला पटो.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. धुळ्यात, आग्रा रोडला, घराच्या पडवीतच माझं गॅरेज. अक्काचे यजमान, आमचे दाजी, पाचोऱ्याचे कापसाचे व्यापारी. अक्का माहेरी आली होती आणि दाजींची मोटार ब्रेकच्या कामाला. तेलावर चालणारे ब्रेक तेव्हा इकडे नवेच. मी आतले झिजलेले रबर बदलले. पण रबर बसवले म्हणजे काम झालं असं नाही... तेल भरायचं, मग एकानं पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं गाडीखाली पडून, चाकाजवळचा स्क्रू सैल करून नळीतली हवा काढायची. खालचा ओरडतो, "धर, सोडू नको." हवा राहिली तर पेडल नुसतंच खाली जातं. माझं तर तेलसुद्धा भरायचं होतं.

दाजींना मालेगावला लग्नाला जायची घाई. मी म्हटलं, "हवा काढल्याशिवाय गाडी देणार नाही."

"हवा तं बठ्ठीकडे शे," दाजी हसले. हवा काय, सगळीकडेच असते म्हणे. "तुम्हा मिस्तरी लोकांची नाटकं."

मी तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "जवाईले उलटं बोलू नको." घरचा जावई... गाढवपणा केला तरी त्याला गाढव म्हणायची सोय नाही. मी धुमसत ब्रेकचं तेल आणायला गेलो. परत येतो तर गाडी नाही. अक्कालाही घेऊन गेले होते.

ओळखीच्या एका लॉरीत बसून मागे सुटलो. वाटभर दाजींना शिव्या घालत होतो, दुसरं काही नाही.

लळिंगच्या उतारावर गाडी दिसली. रस्त्यात बैलगाडी आडवी, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर मोटार थांबलेली. दाजी विडी ओढत उभे. "बघ, कशी थांबली. तू उगाच घाबरवतोस."

मी खाली वाकलो. ब्रेकच्या तेलाची टाकी कोरडी ठणठणीत. मागच्या चाकाचा स्क्रू उघडाच, हवा काढायला मी त्याला लावलेली रबरी नळी फरफटून धुळीनं पांढरी झालेली. पेडलवर पाय ठेवला — दगडासारखं घट्ट. पाय काढून पुन्हा ठेवला. या वेळी ते तळाला टेकलं.

अक्का दार धरून उभी होती, मी कधी आलो ते विचारत. "तू कव्हय उना, भाऊ? गाडीना खाले तुनाच आवाज व्हता. धर, सोडू नको, म्हने."

वर्षभर दाजी पाचोऱ्यात सांगत फिरले — ब्रेकबिक काही लागत नाही, देव सांभाळतो. पुढल्या वर्षी तिकडच्याच कुणाकडून पुन्हा रबर बदलून घेतले आणि हवा न काढताच गाडी बाहेर काढली. मला कळवलंसुद्धा नाही. अक्का मागच्या सीटवर होती. ती गेली. दाजींना साधं खरचटलंही नाही.

तेराव्याला मी आईदेखत दाजींना गाढव म्हटलं.

त्या दिवशी लळिंगला गाडीखाली कोण होतं, हे मला आजही सांगता येत नाही. आवाज माझाच होता, असं अक्का सांगून गेली. मग दुसऱ्या वेळी तो कुठे मेला होता?