तार बंद हाय का?

दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. गावातलाच एक जण होता. म्हणाला, "रफिकभाऊ, देविदास गेला… कुत्र्यापायी गेला." मी शटर तसंच खाली ओढलं आणि मोटारसायकलला किक मारली. केनवडच्या बाजारापासून त्याचं गाव काही लांब नाही, पण त्या सगळ्या रस्त्यात माझ्या डोक्यात मरणापेक्षा तो एक शब्दच घुमत होता. कुत्र्यापायी. माणसाचं अंग अजून थंड झालं नव्हतं आणि गावानं गुन्हेगार ठरवूनही टाकला होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पोचलो तर दारात माणसं जमलेली, आणि टिकली, त्याची म्हातारी कुत्री, गोठ्यातल्या गव्हाणीखाली अंग चोरून बसलेली. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्याकडे एकदा बघून घेत होता.

देविदास आणि मी रिसोडला एका बाकावर शिकलो. पुढं तो शेतीत गेला, मी वडिलांच्या भांड्यांच्या दुकानात बसलो. दर बाजाराला तो यायचा, आणि गेली कित्येक वर्षं टिकलीला घेऊनच यायचा. मी नमाजी माणूस. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली की मला तो कपडा धुवावा लागतो. हे मी त्याला एकदाच सांगितलं, तेही भीतभीतच, कारण हा गडी कुत्रीच्या बाबतीत लगेच फणफणायचा. पण पुढच्या बाजारापासून टिकली दुकानाच्या शेवटच्या पायरीखाली बसायला लागली. हातभर अंतर ठेवून, पुढचे पाय जुळवून. मी खाली उतरलो की आणखी जरा मागे सरकायची. त्यानं तिला हे कसं शिकवलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. विचारलं की म्हणायचा, "तिले सांगितलं तर समजते. तुले सांगून पाह्यलं, तुले नाही समजत."

असा त्याचा बोलण्याचा ढंग. गोड बोलणं त्याच्या पत्रिकेतच नव्हतं. एका उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक माझ्याकडं कुत्र्यासाठी जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं मागत होतं, तर हा माझ्याच गादीवर माझाच चहा पीत त्याला सांगतो, जर्मनचं घेऊ नका, उन्हात पाणी उकळते, कुंभाराकडून मातीची कुंडी घ्या आणि सावलीत ठेवा. गिऱ्हाईक गेलं. मी म्हटलं, अरे बेइमाना, माझा धंदा कायले बुडवून राह्यला? त्यावर त्यानं मलाच रस्त्यावर नेलं आणि डांबरावर तळहात टेकवायला लावला. मी चटकन उचलला. म्हणाला, तुला क्षणभर धरवत नाही, त्यांना यावर चालवता. ऊन चढायच्या आत फिरवून आणावं, दुपारी ओलं पोतं अंथरून सावलीत बसू द्यावं, आणि धापा टाकायला लागलं तर पाय आणि पोट साध्या पाण्यानं भिजवावं, बर्फ लावू नये… बाजारातल्या प्रत्येक कुत्रेवाल्याला तो हे ऐकवायचा. ऐकलं नाही की भांडायचा. लोक त्याला लांबून बघून गल्ली बदलायचे, हेही खरं आहे.

पावसाळ्यात त्याचं भांडण ठरलेलंच. फवारणीचे दिवस, घरात औषधाचे डबे, आणि कुत्र्याच्या कानात गोचीड. आमच्याकडं लोक काय करतात, पिकावरचं तेच औषध फडक्याला लावून कुत्र्याला चोळतात. गोचीड मरतात आणि कुत्रंही मरतं. शेजाऱ्याचं असंच तडफडून मेलं, तेव्हा हा त्याच्या दारात जाऊन इतकं बोलला, की दोन्ही घरांचं वर्षभर येणंजाणं बंद होतं. स्वतः मात्र रोज संध्याकाळी टिकलीला पुढ्यात घ्यायचा, कान उलटे करायचा, बोटांच्या फटी तपासायचा, एकेक गोचीड काढून रॉकेलच्या डबीत टाकायचा. पोळ्याला बैलांबरोबर तिलाही आंघोळ, कपाळाला गेरूचा टिळा. पुरणपोळी मात्र द्यायचा नाही. गोड तिला बाधतं, म्हणून कोरडी भाकर. दिवाळीत फटाके सुरू झाले की तिला आतल्या खोलीत घेऊन रेडिओ मोठा करून बसायचा. शोभावहिनी, त्याची बायको, म्हणायच्या, माझ्या बाळंतपणात एवढे बसले नव्हते. खरं असेल तेही.

आता तारेचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. आमच्याकडं रानडुकरं पीक ठेवत नाहीत. म्हणून लोक धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गुडघाभर उंचीची तार ओढतात. शहाणा माणूस बॅटरीवरचं झटका मशीन बसवतो. डुकराला दणका बसतो, जीव जात नाही. पण त्याला पैसे पडतात. मग विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून सरळ घरगुती करंट तारेत सोडायचा, की झालं. देविदासच्या शेताची वाट त्याच्या धाकट्या चुलत भावाच्या धुऱ्यावरून जाते, आणि त्या भावानं अशीच तार ओढली होती. त्याचं नाव लिहीत नाही, वहिनींनी नको म्हटलं आहे. देविदास त्याच्याशी दोन वर्षं भांडला. तो म्हणायचा, पुढच्या साली मशीन आणतो दादा. मग देविदासनं आपल्यापुरता नियम केला. पीक उभं असेपर्यंत टिकलीला रात्री बांधून ठेवायचं, आणि सकाळी धुऱ्याशी थांबून हाळी द्यायची: "तार बंद हाय का रे?" उत्तर आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. मी एकदा हसलो होतो, म्हटलं तार तर समोर दिसते, विचारतो कायले? म्हणाला, "तार दिसते. करंट दिसत नाही."

पोळा होऊन थोडेच दिवस झाले होते. सोयाबीन शेंगेवर, रात्रभर पाऊस, वावर चिखल. देविदास पुढं, टिकली त्याच्या मागं, विळा घेऊन वहिनी तिच्या मागं. त्यानं धुऱ्याशी थांबून हाळी दिली. भाऊ वावरातल्या खोपडीत, आपल्या झोपडीत, खाटेवर पडलेला. त्यानं पडल्या-पडल्याच ओरडून सांगितलं, "बंद हाय दादा, ये." पेटीजवळ गेला नाही, बघितलं नाही. लाइट नव्हती, म्हणजे तारेत काही नसणार, एवढाच त्याचा हिशोब. पेटी मात्र चालूच होती, लाइट आली की तार आपोआप जिवंत. देविदास तार ओलांडून पलीकडं गेला. टिकलीच्या मागच्या पायात आता जोर नाही, तिला उडी मारवत नाही, वाकून खालूनही जाता येत नाही. म्हणून तो वाकला, आणि रोजच्यासारखी तार हातानं खाली दाबून धरली. टिकली सावकाश पलीकडं गेली. तेवढ्यात लाइट आली… प्रश्न वहिनींनी ऐकला होता, उत्तरही ऐकलं होतं, आणि पुढचं सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. भाऊ धावत गेला, पेटी बंद केली. तेव्हा मात्र त्याला पेटी कुठं आहे ते बरोबर ठाऊक होतं.

दुपारपर्यंत गावानं बसून ठरवलं, की देविदासचा हात त्याच्याच मोटारीच्या पेटीला लागला असं पोलिसांना सांगायचं. भावाला दोन लहान पोरी आहेत, झालेलं काही परत येत नाही, घरातली गोष्ट घरात राहावी… मी तोंड उघडलं तर एक जण खांद्यावर हात ठेवून फार प्रेमानं म्हणाला, रफिकभाऊ, तुम्ही घरचेच, पण हा आमच्या भावकीचा मामला आहे. शाळेच्या बाकापासूनची दोस्ती त्या एका हातानं बाजूला सारली. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्या रडतही नव्हत्या. त्यांना त्याच धुऱ्यावर, त्याच लोकांत उरलेला जन्म काढायचा होता, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांच्या सोयीचंही होतं.

पण भावकी तेवढ्यावर थांबते कुठं? तेरवीच्या पंगती उठल्यावर घरातले एक म्हातारे काका म्हणाले, ही कुत्री अवदसा आहे, धन्याला खाऊन बसली, हिला रिसोडच्या रस्त्याला नेऊन सोडा. माना डोलल्या. एक जण दोरी आणायला उठलासुद्धा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. चोर त्या वेळी पंगतीतल्या पत्रावळी उचलत होता, मोठ्या भावाचं सगळं कार्य त्यानंच मनापासून केलं म्हणून त्याचं कौतुकही चाललं होतं. टिकली माझ्यासमोर बसली होती, हातभर अंतर ठेवून, पुढचे पाय जुळवून. तेव्हा वहिनी आतून दारात आल्या. आवाज चढवला नाही.

"तार तिनं लावली होती काय?"

दोरीवाला खाली बसला. त्यानंतर टिकलीला सोडून यायची गोष्ट कोणी काढली नाही.

परवा मी त्यांच्याकडं गेलो होतो. अंगणात लिंबाखाली मातीची कुंडी भरलेली होती, शेजारी ओलं पोतं, भिंतीतल्या कोनाड्यात गोचिडांची रॉकेलची डबी. टिकलीचे कान मी लांबूनच बघितले, साफ होते. वहिनी वावरात निघाल्या होत्या, मीही बरोबर निघालो. धुऱ्याशी पोचलो आणि माझे पाय थांबले. तार तशीच होती. चुलत भावानं आठवड्याभरातच पुन्हा करंट सोडला होता. डुकरं काही सुतक पाळत नाहीत, असं तो गावात म्हणाला होता म्हणे. मला संताप आला. वहिनी मात्र शांत उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि देविदास देत असे तशीच हाळी दिली.

"तार बंद हाय का रे?"

खोपडीतून तो बाहेर आला. "बंद हाय वहिनी."

"पाहून सांग."

तो पेटीपर्यंत गेला, खटका ओढला, वायर काढून वर धरून दाखवली. मला वाटलं झालं. पण वहिनी हलल्या नाहीत, टिकलीही हलली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "हात लावून दाखव." तो आमच्याकडं चालत आला. मान खाली. वाकला, आणि जिथं देविदासनं धरली होती तिथंच तार हातानं खाली दाबून धरली. वहिनींनी नंतर सांगितलं, की आता रोज सकाळी असंच असतं, त्याची तब्येत असो-नसो, पाऊस असो-नसो. पेटी बंद आहे हे त्याला पक्कं माहीत असतं, तरी तार धरली की तो डोळे मिटतो. मग टिकली पलीकडं जायला निघते. आधी पुढचा एक पाय, मग दुसरा, मग थांबते… म्हातारी आहे, तिला वेळ लागतो.