'आत्ताच घेतला' म्हणता न येणारा चहा

बातमी आली तो मंगळवार होता. चाचणीचे पेपर तपासायचे राहिले होते, शाळेतले खडू संपले होते आणि मैदानावर राठोड सर कुणाला तरी कवायत चुकल्याबद्दल ओरडत होते. मी आठवीच्या वर्गात होतो. धनजहून माझ्या मेहुण्याने पाठवलेला माणूस एस.टी.ने आला होता. शिपाई किसनरावांनी त्याला व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं आणि मला बाहेर बोलावलं. त्या माणसाने टोपी काढून हातात घेतली. पुढे त्याला फारसं बोलावं लागलं नाही. माझी बायको, रत्ना, अंगात ताप असतानाच भावाकडे गेली होती. जरा विश्रांती होईल म्हणून.

नंतर जऊळक्याच्या आमच्या घरी माणसं भेटायला येऊ लागली. अशा वेळी काय बोलावं हे कुणालाच कळत नाही. पण रत्नाने त्यांची सोय करून ठेवली होती. येणारा भिंतीकडे बघायचा आणि म्हणायचा, "वहिनींचा तो चहा..."

मग एक किस्सा निघायचा. त्याला लागून दुसरा. किस्से असेच साठतात. घडत असताना ते किस्से नसतात. घडत असताना बहुतेक वेळा आपल्याला राग आलेला असतो!

*

आम्ही जऊळक्याला बदलून आलो, तेव्हाचा पहिला दसरा. आमच्या घरी त्या दिवशी दुहेरी सण. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून सकाळी पांढरे कपडे, वंदना आणि गोडधोड. संध्याकाळी शाळेतले लोक आपट्याची पानं द्यायला येणार होते. रत्नाने भलं मोठं पातेलं चुलीवर चढवलं. आलं, वेलदोडे, सगळं घालून चहा केला.

सगळे आले. पानं दिली, गळाभेटी झाल्या. चहाचा ट्रे बाहेर आला आणि लांडे सर म्हणाले, "अरे, आत्ताच घेतला!"

पाठकबाई म्हणाल्या, "आत्ताच घेतला हो!"

हेडमास्तर पुराणिक सर तर हात जोडून म्हणाले, "क्षमा करा, अगदी आत्ताच."

राठोड सरांनी मात्र दोन कप घेतले. ते पोहरादेवीकडचे, बंजारा. त्यांना कुणी काही विचारायच्या आधीच ते घेत.

बाकीचं पातेलं तसंच राहिलं. मी संतापलो होतो. रत्ना शांतपणे म्हणाली, "काहो, या गावात हॉटेल एकच हाय न, टेसनावरचं?"

"हो. का?"

"सगळेच तिथं आत्ताच घेऊन येतात, तं त्या हॉटेलवाल्याची माडी काहून नाई झाली अजून?"

*

रत्नाचं म्हणणं असं, की साधा चहा केला तर माणसाला 'आत्ताच घेतला' म्हणता येतं. कारण तो खरंच कुठेही मिळतो. म्हणून असा चहा करायचा, जो दुसरीकडे कुठेच मिळत नाही. मग कोण कसा म्हणेल आत्ताच घेतला?

तिने डोकं लढवलं आणि चहात साबुदाणा टाकायचं ठरवलं. खाली गोळ्या, वर मसाल्याचा चहा. आधी प्यायचा, मग चमच्याने गोळ्या खायच्या.

पहिला प्रयत्न मी डोळ्यांनी पाहिला. तिने साबुदाणा, गूळ, लवंगा आणि चहापत्ती एकत्रच उकळली. थोड्या वेळाने पातेल्यात चमचा उभा राहिला!

"खळ झाली," मी म्हणालो.

"खळ तं खळ," ती म्हणाली. "शाळेत न्या. नकाशे फाटले म्हणून रडत होते न तुमी?"

मी डबा भरून नेला. भारताचा नकाशा त्या खळीने कापडावर पक्का बसला. पुराणिक सरांनी स्वतः हात फिरवून बघितला. "उत्तम चिकटलाय! वासही छान येतोय. कुठून आणली खळ?"

"घरून," मी म्हणालो. सरांनी हात धोतराला पुसला. चिकट होता म्हणून, की घरून आली म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नकाशावर मुंग्यांची रांग. गुजरातपासून बंगालपर्यंत! सगळे बघायला जमले. राठोड सर मोठ्यांदा म्हणाले, "पाहा बाप्पा, मुंग्यायले काई अडचण नाई!"

घंटा व्हायची होती, तरी सगळे आपापल्या वर्गाकडे निघाले.

*

पुढे तिला जमलं. साबुदाणा भिजवायचा, वेगळा शिजवायचा, थंड पाण्याने धुवायचा आणि लवंग-दालचिनीच्या गुळाच्या पाकात मुरू द्यायचा. दाणे फुगून, काळसर तपकिरी होऊन काचेसारखे चमकायचे. चहा काचेच्या ग्लासात द्यायचा, म्हणजे खालच्या गोळ्या दिसतात. ती म्हणायची, "लपवाले काई नाई आपल्यापाशी."

पण दिसतं म्हणूनच लोकांना जास्त शंका!

लांडे सर विज्ञान शिकवत. दसऱ्याला आले तेव्हा त्यांनी ग्लास उजेडात धरला, फिरवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "खरं सांगजा. हे बेडकाचं तं नाई न काई?"

मी साबुदाणा म्हणून सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी एक गोळी रुमालात बांधली. शाळा जवळच. सुट्टी असूनही किसनरावांकडून किल्ली घेऊन ते प्रयोगशाळेत गेले. आयोडीनचा थेंब टाकला. गोळी निळीकाळी झाली. तसेच धावत परत आले. "स्टार्च हाय! शंभर टक्के स्टार्च!"

रत्ना म्हणाली, "मंग आता प्या न जी."

लांडे सर सापडले. गोळीबद्दल आता काही म्हणता येत नव्हतं, आणि दुसऱ्या ज्या कशाबद्दल म्हणायचं असेल त्याची परीक्षा प्रयोगशाळेत होत नाही. त्यांनी डोळे मिटून ग्लास तोंडाला लावला. अर्धा झाल्यावर डोळे उघडले. ग्लास संपल्यावर चमचा मागितला!

पुढल्या वर्षापासून ते सर्वांआधी येत. येताना बायकोलाही आणत. आणि नवीन कुणी ग्लासाकडे संशयाने बघितलं, की अधिकाराने सांगत, "मी टेस्ट केलेला हाय."

*

पाठकबाईंचा मार्ग उपासाचा. एका अष्टमीला त्या काही निरोप सांगायला आल्या. रत्ना दसऱ्याच्या आधी हात बसावा म्हणून एक घाणा करून बघत होती. तिने ग्लास पुढे केला.

"मला नवरात्राचा उपास आहे हो."

"साबुदाना हाय न बाई. उपासाचाच."

बाई ग्लासावर वाकल्या. "त्यात लवंग दिसतेय."

"लवंग चालते."

"सुंठ?"

"चालते."

"दूध?"

"गाईचं हाय. देवालेबी चालते."

बाईंनी ग्लासाकडे बघितलं, चुलीकडे बघितलं, ओट्यावर बघितलं. एकेक दार बंद होत चाललं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "ही गाळणी... रोजचीच?"

"रोजचीच. माही."

"मग नको," बाई सुटकेचा श्वास टाकत म्हणाल्या. "उपासाला गाळणी चालत नाही!"

त्या गेल्यावर रत्ना पोट धरून हसली. मी हसलो नाही. मग ती ओट्यापाशी जाऊन गाळणी धुवायला लागली. बराच वेळ धूत होती. म्हणाली, "लहानपणी आमच्या गावच्या हॉटेलात आमचा कप बाहेर कोनाड्यात राहे. आता कपावरून गाळणीवर आलं. सरकून राह्यलं म्हना थोडंसं."

*

पुराणिक सरांचं प्रकरण वेगळं होतं. माणूस सज्जन. शाळेत मला कधी कमी लेखलं नाही. दहावीचे वर्ग आग्रहाने माझ्याकडे दिले. त्याबद्दल संस्थेतल्या कुणी नाक मुरडलं तर त्याला माझ्यासमोर सुनावलं. समतेवर भाषण फार छान करत. पण स्टाफरूममध्ये त्यांचा पाण्याचा तांब्या घरून यायचा, फुलपात्र पालथं घालून. आमच्याकडे दर दसऱ्याला येत, पानं देत, खुर्चीवर नीट टेकून बसत, आणि घेत काही नसत.

एका वर्षी म्हणाले, "गोळ्या दातांत अडकतात हो माझ्या." दात मोत्यासारखे!

पुढल्या वर्षी पित्त. त्याच्या पुढल्या वर्षी वैद्यांनी गूळ बंद केलेला. आदल्याच आठवड्यात शाळेच्या कार्यक्रमात मी त्यांना गुळाचा लाडू खाताना पाहिलं होतं. मला प्रत्येक कारणाच्या मागे दुसरं कारण दिसायचं. पित्ताचं नावही घेतलं, की मी मनात विचारायचो, पित्त की आम्ही?

रत्नाचं मात्र एकच चाललेलं. इतर सगळे प्याले काय, न प्याले काय. पुराणिक सरांनी आपल्या घरात बसून ग्लास रिकामा केला पाहिजे.

मी एकदा चिडून म्हणालो, "कायले मागे लागतेस? नाही पीत, नको पिऊ दे."

"चांगले हायत म्हणून लागते," ती म्हणाली. "वाईट मानसाच्या मांगं कोन लागते?"

राठोड सरांनी एक शक्कल काढली. "वहिनी, या थर्मासमध्ये भरून द्या. मी टेसनावरून आनला म्हनून सरायले शाळेत पाजतो. गोळ्या नका टाकू. प्याले, की मंग सांगू!"

मला ती कल्पना फार आवडली. रत्नाने थर्मास परत दिला. "नाई भाऊ. फसवून पाजला तं तो सरायनं घेतला नाई, तुमी ओतला. त्यायनं मह्या हातून, पाहून घ्याले पाह्यजे."

*

एका दसऱ्याला मात्र कमाल झाली. सरांनी ग्लास हातात घेतला! लांडे सर आपलं टेस्टचं वाक्य अर्ध्यावर विसरले. राठोड सरांनी मला कोपराने ढोसलं. आत चुलीपाशी रत्नाच्या भांड्यांचं वाजणं बंद झालं.

सर पावसावर बोलू लागले. ज्वारीवर बोलले. मॅट्रिकची परीक्षा अकरावीवरून दहावीवर आली, त्याने मुलांचं काय होणार यावर बोलले. ग्लास हातातच. चहावर साय धरली. बोलता बोलता त्यांनी तो अलगद खिडकीत ठेवला, उठले, नमस्कार केला आणि गेले.

ग्लास काठोकाठ. गोळ्या तळाशी जशाच्या तशा.

राठोड सर म्हणाले, "वहिनी, सरायनं हात शेकले!"

सगळे हसले. रत्नाही हसली. सगळे गेल्यावर तिने तो ग्लास बाहेर नेऊन ओतला. आत येऊन म्हणाली, "हातात तं आला. तोंड कितीक दूर हाय तिथून?"

मला तिची ती आशा बघवत नसे. मी तिला कधी तसं म्हणालो नाही.

*

गेल्या दसऱ्याला मी घरी नव्हतो. आई आजारी होती, तिला बघायला गेलो होतो. परत आल्यावर विचारलं, "सर आले होते?"

"आले होते न. दोघंच होतो. बाकीचे आधीच येऊन गेलते."

"प्याले?"

ती दोरीवर कपडे घालत होती. म्हणाली, "तुमाले काय वाटते?"

"या वेळी काय, पुन्हा पित्त?"

ती हसली आणि ओल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही चादर पिळली. विषय तिथेच राहिला. मी समजलो, की व्हायचं तेच झालं असणार.

*

पुराणिक सर भेटायला आले ते सर्वांत शेवटी, शाळा सुटल्यावर, एकटेच. नेहमीच्या खुर्चीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. रजेची काळजी करू नका, वर्ग मी बघतो, म्हणाले. मी मान हलवली. बाहेर मालगाडी बराच वेळ जात होती.

गाडी गेल्यावर ते उठले. दारापाशी चपला घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसऱ्या ग्लासात गोळ्या जास्त होत्या."

"काय सर?"

"गेल्या दसऱ्याला. मी म्हटलंही रत्नाबाईंना, इतक्या कशाला. तर म्हणाल्या, खाली राहिल्या होत्या, घ्या."

त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली, मला नमस्कार केला आणि अंगण ओलांडून गेले. मी फाटकापर्यंत त्यांच्यासोबत चालत गेलो.

पहिला ग्लास त्याच संध्याकाळचा, की माझ्या नकळत आधीच्या कुठल्या दसऱ्याचा, हे मी त्यांना विचारलं नाही.