पितृपक्षातल्या महालक्ष्म्या

आमच्या मंडळाच्या अंकासाठी देवीचा अनुभव लिहून द्या, असं तिथल्या बायका कधीच्या मागे लागल्या आहेत आणि मी टाळत आले आहे. बाकीच्यांचे अनुभव वाचले की दिसतं, सगळ्या हात जोडून आणि डोळ्यांत पाणी आणून लिहितात. मला ती हकीकत आठवली की पाणीबिणी येत नाही, मस्तकात तिडीक जाते. अनुभव तर आला, तो नाकारून म्हातारपणी खोटं कशाला बोलू? पण जिनं दिलं तिच्याशी मी आजही भांडते, आणि ज्यांनी माझं माणूस माझ्यापासून तोडायला तिचंच नाव वापरलं त्यांना मी आजही माफ केलेलं नाही. छापायचं तर हे असंच छापा, नाहीतर राहू द्या.

पाकिस्तानशी लढाई पेटली त्या भाद्रपदातली गोष्ट. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. विमल दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत बायकांच्या सेक्शनमध्ये होती, काडतुसं तपासून खोक्यात भरायचं काम. नर्मदेकाठच्या आमच्या शहरात, चेरीताल मोहल्ल्यात एका हिंदी कुटुंबाच्या माडीवर आम्ही दोघी खोली घेऊन राहत होतो. घरमालकीण आम्हाला ‘दीदी लोग’ म्हणायची आणि तिचं त्यावर समाधान होतं. दोन नोकरदार मुली, माहेरं लांब, खर्च वाटून घेतात, असं जगाला सांगायला सोपं होतं. खरं काय ते आम्हाला ठाऊक होतं. मला विमल आवडत होती. मैत्रीण आवडते तशी नव्हे, तर जिच्यासाठी संध्याकाळी कान जिन्याकडे लागून राहतात तशी. तिलाही मी तशीच. याला काय म्हणतात हे आम्हाला माहीत नव्हतं, आमच्याजवळ शब्दच नव्हता. लोकांजवळ होते, पण ते मी देवीच्या अंकात लिहिणार नाही.

विमलच्या आईनं जाण्याआधी घरच्या महालक्ष्म्या विमलच्या ओटीत घातल्या होत्या. मुलाला म्हणजे विमलच्या दादांना तेव्हा फॅक्टरीच्या ड्यूटीत ते सोवळं-ओवळं नको होतं, आणि वहिनींना दिवस गेलेले होते. म्हणून ज्येष्ठा-कनिष्ठेचे ते दोन पितळी मुखवटे आमच्या माडीवर आले. दर भाद्रपदात आम्ही दोघी त्यांना धान्याच्या कोठ्यांवर उभं करायचो, साड्या नेसवायचो, वर फुलोरा टांगायचो, आंबील आणि पुरण करायचो. मला त्या दोघींचा फार आधार वाटायचा. तीन दिवस दोन बाया एका घरात शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि अख्खं गाव त्यांच्या पाया पडतं! मी विमलला चेष्टेनं म्हणायची, “यांना कोणी विचारत नाही, तुमचे नवरे कुठे आहेत म्हणून.” ती माझ्या तोंडावर हात ठेवायची.

त्या वर्षी विसर्जन झालं आणि लढाईच्या बातम्या सुरू झाल्या. फॅक्टरीत ओव्हरटाइम लागला, शहरात ब्लॅकआउट. माझ्या बोर्डावर ट्रंक कॉलची रांग संपेना. दिवसभर मी लोकांना आपापल्या माणसांशी जोडून देत होते आणि इकडे विमल तापानं फणफणली. डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला, गोळ्या लिहून दिल्या, पथ्य सांगितलं. मी रजा मागितली तर साहेब म्हणाले, “देश संकटात आहे, आणि आजारी तुमची कोण, सख्खी बहीण तर नाही ना?” एका दुपारी ड्यूटीवरून घरी आले तर खाट रिकामी. घरमालकीण म्हणाली, विमलचे भाऊ टांगा घेऊन आले होते, तिला रांझीला आपल्या फॅक्टरीच्या क्वार्टरवर घेऊन गेले. गोळ्यांची बाटली खिडकीत तशीच होती.

मी बाटली घेऊन बसनं रांझी गाठली. दादा दारातच उभे राहिले. शांत, समजुतीच्या आवाजात बोलत होते, आणि त्या आवाजाचीच मला चीड आली. “हे बघ बाई, मी पंडितजींना विचारून आलो. बिनलग्नाच्या दोन बायांनी महालक्ष्म्या मांडल्या, घरात पुरुषमाणूस नाही, कोप झाला. हिची बिमारी गोळीची नाही. एका डॉक्टरनंही मले सांगितलं, हिचं लग्न करून द्या, मनातलं सगळं आपोआप बरं होईन. सिहोऱ्याचं स्थळ आहे, बिजवर आहे पण दुकान आहे. तू आता येऊ नको.” मी बाटली पुढे केली. त्यांनी घेतली नाही. दार लागलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. मी रोज रांझीला जात होते आणि रोज परत येत होते. एकदा ग्वारीघाटावर जाऊन नर्मदामाईला नाही नाही ते बोलले. शेजारी कपडे धुणाऱ्या बाया माझ्याकडे बघत राहिल्या. देवीला तर मी रोज शिव्या घातल्या. म्हटलं, आम्ही पोटाला चिमटा घेऊन तुला पुरण घातलं आणि तू कोपलीस? कशावर, आम्ही एकमेकींना जपलं त्यावर? आणि कोपायचंच होतं तर माझ्यावर कोपायचं, ती काय तुला जड झाली होती? तुझ्या नावावर कोणीही काहीही खपवतं आणि तू पितळेसारखी गप्प बसतेस. हे मी रागाच्या भरात बोलले असं म्हणून आज सारवासारव करणार नाही. मला तेच म्हणायचं होतं.

ज्यांच्या महालक्ष्म्या सोयर-सुतकात राहून जातात ते पितृपक्षातल्या अष्टमीला मांडतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. इकडच्या हिंदी बायका त्याच दिवशी हत्तीवरची लक्ष्मी पुजतात. पंडितजींनी दादांना सांगितलं होतं, आधीची पूजा फुकट गेली, अष्टमीला सवाष्णीच्या हातून पुन्हा मांडा. त्यासाठी टांग्यात विमलबरोबर दादा मुखवट्याची कोठीही घेऊन गेले होते. पण ज्यानं स्वतःच्या हातानं महालक्ष्म्या कधी मांडल्याच नव्हत्या त्या माणसाला काय ठाऊक, की आम्ही मुखवटे दोन वेगळ्या कोठ्यांत, गव्हात पुरून ठेवतो! ज्येष्ठा रांझीला गेली, कनिष्ठा माझ्याकडे राहिली. एकटी महालक्ष्मी कोणी उभी करत नाही. अष्टमीच्या आदल्या संध्याकाळी दादांचा निरोप आला, दुसरा मुखवटा पाठवून दे. मी कळवलं, पाठवणार नाही, घेऊन येते.

सकाळीच मी मुखवटा पदरात गुंडाळून दारात हजर झाले. आतून पुरणाचा वास येत होता. ब्लॅकआउटमुळे सगळं दुपारीच उरकायचं होतं. दादांनी हात पुढे केला.

“मुखवटा दे अन् चालली जा.”

“मी माझ्या हातानं ज्येष्ठेशेजारी ठेवीन. आणि विमलला बघीन.”

“तमाशा करू नको. देवाच्या कामात आडवी येऊन राहिली तू.”

“देवाचं काम? आत पोरगी गोळीविना पडली आहे आणि तुम्ही पुरण शिजवता?”

त्यांनी दार लोटलं, पण कडी लावली नाही. मुखवटा माझ्याकडे होता ना. मी पायरीवर उभी राहिले. देवीला ओलीस धरलं म्हणा हवं तर. ऊन चढलं. शेजारच्या क्वार्टरांतून डोकी बाहेर आली. मला भोवळ येत होती, आदल्या दिवसापासून पोटात अन्न नव्हतं. माझ्याजवळ दुसरी कुठलीच युक्ती नव्हती. मी मनात एवढंच म्हटलं, बाई, माझं भांडण संपलं, मला आता काही सुचत नाही, तुला काय करायचं ते कर.

मी तेव्हा हे भक्तिभावानं वगैरे म्हणाले नाही. दमलेलं माणूस हातातलं ओझं धपकन खाली टाकतं तसं ते होतं. आणि थोड्याच वेळात एक म्हातारी क्वार्टरांच्या रांगेतून येताना दिसली. सुती लुगडं, हातात कापडी पिशवी, चपला धुळीनं माखलेल्या. सिहोऱ्याच्या बसनं आली होती, मुलाचं क्वार्टर शोधत होती, आणि सगळी क्वार्टरं एकसारखी असल्यामुळे कुठल्याही दारापुढे थांबत होती. दादांच्या दारापुढे थांबली, आतला वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “महालक्ष्म्या आहेत का इथं? मग तू बाहेर काहून उभी?”

मी काही बोलायच्या आत दादा बाहेर आले. म्हातारी त्यांच्यावर अशी तुटून पडली, जशी सख्खी आत्याच. “काय बे, अष्टमीच्या दिवशी दारात आलेल्या बाईले उन्हात उभी करते का कोणी? घरात माय-बहीण आहे का नाही?”

“आजी, तुम्हाले माहीत नाही, ही बाई—”

“मले माहीत करून घ्यायचंच नाही. मले भूक लागली. हिच्या तोंडावरून दिसते, हिलेही लागली. आधी जेवू घाल, मंग काय सांगायचं ते सांग.”

महालक्ष्म्यांच्या जेवणाला दारी आलेल्या बाईला उपाशी परत पाठवत नाहीत, हे दादांनाही आईनं शिकवलेलं होतं. कोपाला भिणारा माणूस ते, त्याच भीतीनं त्यांचा हात दारावरून खाली आला. म्हातारीनं माझं मनगट धरलं आणि मला घेऊन आत शिरली. वहिनी चुलीपाशी होत्या. त्यांनी दादांकडे बघितलंही नाही, दोन पाट मांडले आणि मला हळूच म्हणाल्या, “आधी तिकडं जा, मागच्या खोलीत.”

विमल मागच्या खोलीत होती. ओठ फुटलेले, कपाळावर अंगाऱ्याचा थर, डोळे अर्धे उघडे. तिनं मला ओळखलं आणि म्हणाली, “आलीस का? मला वाटलं, तूच सोडून गेलीस.” तिला तसंच सांगितलं होतं त्यांनी! ते वाक्य मी आजपर्यंत कोणाला माफ केलं नाही. मी गोळी तिच्या तोंडात घातली, पाणी पाजलं, अंगारा पुसला. मग हात धुऊन कनिष्ठेला तिच्या जागी ठेवलं आणि म्हातारीशेजारी बसून जेवले. दादांनी त्या दिवशी मला बाहेर काढलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. वहिनींनी मला अंथरूण टाकून दिलं, स्वतः जाऊन फॅक्टरीच्या दवाखान्यातला डॉक्टर आणला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “पोरगी मेली तर लोक मले विचारतील, पंडितजींना नाही.” विमलचा ताप उतरायला बरेच दिवस गेले. माझी नोकरी जाता जाता राहिली.

म्हातारी आंबील पिऊन, तोंड पुसून, “चला, पोराचं घर पाहतो,” म्हणून निघून गेली होती. पुढे मी रांझीत पुष्कळांना विचारलं, अशी आई कोणाकडे आली होती का. कोणी हो म्हणालं नाही. ती देवी होती असं मी म्हणत नाही. रस्ता चुकलेली, भुकेजलेली एक बाई असेल. पण ती त्या दारापुढे थांबली, आणि तिनं माझ्याबद्दल काही जाणून घ्यायला नकार दिला. इतकी माया माझ्यावर तोवर कोणी केली नव्हती. आणि ती खरंच देवी असेल, तर माझा तिला रोकडा सवाल आहे, की एवढा उशीर का केलास?

टायफॉइडनं विमलचे सगळे केस गेले. सिहोऱ्याच्या बिजवरानं बघितलं आणि पायाला पाय लावून पळाला. आम्ही दोघी त्यावर पोट धरून हसलो होतो. केस परत आले, ती चेरीतालला परत आली, आणि पुढची सारी वर्षं, ती जाईपर्यंत, आम्ही महालक्ष्म्या मांडल्या. दादा बोलत नव्हते. वहिनी मात्र दर वर्षी सवाष्ण म्हणून जेवायला यायच्या.

मागच्या वर्षी दादांची नात सुट्टीवर आली होती. तिला मराठी समजते, बोलताना हिंदीत घसरते. विमलच्या फोटोकडे बघून सहज म्हणाली, “आजी, आप दोनों पार्टनर थीं ना? घरात कोणी सांगतच नाही.” मग म्हणाली, हा आजार नाही हे आता डॉक्टरही मानतात, कोर्टानंही मानलं आहे. चहात साखर किती विचारावी इतक्या सहज बोलली पोर. मी तिला जवळ घेतलं, पण खरं सांगू, आधी मला रागच आला. तिच्यावर नाही. ज्याला आजार म्हणून माझ्या विमलला गोळीविना ठेवलं, तो आजार नव्हताच हे कळायला या शहाण्या लोकांना इतकी वर्षं लागली, आणि एकानंही येऊन सांगितलं नाही की आमचं चुकलं. जे गेले ते तसेच गेले, दादाही.

तरी मी दर भाद्रपदात पुरण करते. नैवेद्य दाखवते, आधी चार शब्द सुनावते आणि मग हात जोडते. माझा राग तिला चालतो असं मला वाटतं. नसता चालला तर विमल मला मिळाली नसती. शरण जाणं म्हणजे डोकं खाली घालून घरी परत जाणं, असं मला तोवर सगळ्यांनी शिकवलं होतं. त्या पायरीवर मला वेगळं कळलं. दार उघडणं माझ्या हातात नव्हतं आणि ते मी उघडलंही नाही. मी फक्त तिथून हलले नाही.