बिनविरोध गावातला बेपत्ता नवरा

कांद्याची लागवड सुरू झाली, वाफ्यात ओळीनं वाकलेल्या बायका दिसल्या, की मला ती केस आठवल्याशिवाय राहत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, बांधावरून डोकी फुटलेली पाहिली. त्या मानानं ही केस साधी. रक्त नाही, हत्यार नाही. तरी कुणी विचारलं की मी हीच सांगते. नावं कुणाचीच घेणार नाही, कारण माणसं अजून त्याच गावात राहतात आणि एकमेकांच्या लग्नाला जातात.

मी शिपाई म्हणून भरती झाले आणि खात्याच्या परीक्षा देत सहायक निरीक्षक झाले. कॉलेज काही पाहिलं नाही. कायदा शिकले तो ठाण्यातच, जुन्या हवालदारांना विचारून विचारून. त्या वेळी जुन्नर आणि आंबेगावच्या हद्दीवरच्या एका ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या होत्या. आचारसंहिता सुरू, परवान्याची हत्यारं जमा करून घ्यायचं काम चाललेलं, त्यात बंदोबस्ताची आखणी. अशा गडबडीत एक बाई ठाण्यात आली. पस्तिशीची असेल, पदर कमरेला खोचलेला, डोंगरकडच्या गावातली. ठाणे अंमलदाराला म्हणाली, नवरा हरवलाय. तो मान वर न करता म्हणाला, पडला असेल कुठं पिऊन, येईल उतरल्यावर. मी आतून ऐकत होते. तिला बोलावून घेतलं, पाणी दिलं आणि सावकाश सांगायला लावलं.

गोष्ट अशी होती. त्यांच्या गावाच्या वरच्या डोंगरावर एका मोठ्या कंपनीला खडी काढायची होती. खाण आणि क्रशर. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ना हरकत ठराव लागतो. कंपनीनं गावाला बैलगाडा शर्यतीचा घाट, म्हणजे गाडे पळवायची चढाची धाव, नवा बांधून द्यायचं कबूल केलं, देवळापुढं सभामंडप द्यायचं कबूल केलं. आमच्या भागात घाट म्हणजे काय चीज आहे हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. ज्या गावचा घाट चांगला, त्या गावची यात्रा मोठी, पाहुणे मोठे, मान मोठा. कंपनीची अट एकच होती. सरपंच बिनविरोध व्हावा, आणि तो त्यांच्या ऐकण्यातला असावा. सरपंचपद त्या खेपेला बाईसाठी राखीव होतं. गावानं एका घरची सून ठरवली. तिच्या सासऱ्याचा ट्रक आधीच कंपनीच्या कामावर होता.

आणि या बाईनं उठून अर्ज भरला. कारण त्या डोंगराच्या पोटातून गावाचा झरा येतो. एवढंच कारण.

"काल सांगावा आला," ती म्हणाली, "अर्ज माघारी घे, मंग तुजा मालक घरी येतोय. उद्या दुपारी मुदत संपतीय. मॅडम, मला त्येच्या आत मानूस पायजे."

"आणि अर्ज?" मी विचारलं.

"अर्ज ऱ्हाऊ द्यायचाय. मानूस बी पायजे."

मिसिंग दाखल करून घेतली. मोबाईलचं लोकेशन मागवलं तर फोन बंद, शेवटचं ठिकाण गावातलंच. बीट हवालदाराला गावात पाठवलं. तास दोन तासांत एक फोन आला. कुणाचा ते सांगत नाही, पण वजनदार माणूस होता. आवाज अगदी गोड. म्हणाले, ताई, गावाचा घरगुती प्रश्न आहे, गाव बघून घेईल, तुम्ही कशाला त्रास घेता. मी म्हटलं, साहेब, बेपत्ता माणूस शोधायचा पगार मिळतो मला. फोन ठेवला आणि खिडकीबाहेर बघितलं. आमच्या ठाण्याच्या आवारात बॅरिकेडं उभी होती. माझ्या आधीच्या साहेबांच्या काळात आलेली. प्रत्येकावर "पोलीस" बारीक अक्षरात आणि कंपनीचं नाव ठळक. त्याच कंपनीचं. दोन पोरांना चुना कालवायला सांगितला आणि सगळ्या नावांवर फिरवून घेतला. आचारसंहिताच होती, कारण शोधायची गरज पडली नाही.

हवालदार परत आला तो कपाळ पुसतच. म्हणाला, "मॅडम, येक बी मानूस तोंड उघडंना. समदे म्हनत्यात लेण्याद्रीला गेलाय दर्शनाला."

त्या गावाहून लेण्याद्रीला जाऊन यायला अर्धा दिवस लागत नाही, आणि हा तिसरा दिवस होता. म्हणजे काय, थापसुद्धा धड मारली नव्हती. इतके सगळे एका सुरात गप्प बसतात तेव्हा त्यामागं भीती तरी असते नाहीतर शपथ. हवालदार तिथल्याच भागातला, त्याला खोदून विचारलं. मग म्हणाला की देवळात बेल-भंडारा उचललाय. खंडोबापुढं बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन शब्द दिला, की मग तो मोडायची आमच्याकडं कुणाची छाती होत नाही. गाव बिनविरोध करायचं आणि यातलं बाहेर काही बोलायचं नाही, असा तो शब्द.

मी त्याला हसले नाही. माझ्याही घरात तळी भरतात. शपथ मोडा म्हणून कुणाला सांगायची माझी इच्छा नव्हती. मी फक्त विचारलं, "कुणी कुणी उचलला?"

"घरटी येक गडी व्हता."

"आणि बायका?"

त्याला हसू आलं. "बायांना कोन इचारतंय, मॅडम."

तिथंच मला वाट दिसली. त्या दिवसांत त्या गावच्या बायका पिकअपमध्ये बसून रोज खाली बागायती पट्ट्यात कांदा लावायला जायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक महिला शिपाई घेऊन येडगावच्या धरणाच्या फुगवट्याकडं गेले. दहा-बारा बायका वाफ्यात होत्या. गाडी लांब उभी केली, बूट काढून बांधावर बसले. एकीनं मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "या की वाफ्यात. रोजाची हजेरी देऊ तुमाला बी." सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, तिच्यानं काय वाकवतंय, सायबीन हाय ती. मी म्हटलं, बाई, शिपाई होण्याआधी मीही हेच करत होते, आणि जुडी घेऊन चार रोपं लावून दाखवली. नीट लागली नाहीत. तेवढ्यानंच बोलणं सुरू झालं.

मी आडवळण घेतलं नाही. मुदत दुपारपर्यंतच होती. सरळ सांगितलं की तुमच्या गावची एक बाई ठाण्यात बसून आहे, तिचा माणूस कुठं आहे हे कुणाला माहीत असेल तर सांगा. हसणं थांबलं. सगळ्या पुन्हा रोपं खोचायला लागल्या. एक तरणी कुजबुजली, घरात कटकट व्हईल. दुसरी म्हणाली, घाट झाला तर गावाचं नाव व्हतंय, आमाला काय नको का? खोटं कशाला सांगू, त्या सगळ्या काही तिच्या बाजूच्या नव्हत्या.

मग त्यांच्यातली थोरली, पांढऱ्या केसांची, कंबर धरून सरळ उभी राहिली. बाकीच्यांना म्हणाली, "भंडारा कुनी उचलला? बाप्यांनी. आपल्याला देवळात बोलावलं व्हतं का?" तिनं पदर सारखा केला. "मंग आपन उचललाच न्हाई, तर मोडायचा कुठनं?"

आणि तिनं हातातल्या रोपाच्या जुडीनं समोर दाखवलं. पाण्याच्या कडेला एक बंगला होता, गच्चीवाला, सुट्टीत पुण्याचे लोक भाड्यानं घेतात तसला. "त्यो काय. रोज सकाळी गच्चीवर केस इचरतोय. परवा आमाला हात केला, आन कुनीतरी आत वढला."

बघा म्हणजे. सगळ्या गावाचं तोंड बांधलं, फोन बंद केला, गावापासून लांब जागा निवडली, आणि माणूस आणून ठेवला तो ज्या बांधासमोर त्यांच्याच घरच्या बायका रोज राबतात तिथं. बायका बघतील हे कुणाच्या मनातच आलं नाही. हसावं का रडावं कळेना.

बंगल्यावर गेलो तर तो गादीवर बसून टीव्हीवर हिंदी मालिका बघत होता. नवे कपडे, समोर मटणाचं ताट. शेजारी कंपनीचा माणूस, गावाशी संबंध ठेवायला नेमलेला समन्वयक, तिशीतला, इस्त्रीचा शर्ट. घाबरला नाही. खुर्ची दिली मला. म्हणाला, मॅडम, हे आमचे पाहुणे आहेत. नवराही मान हलवून म्हणाला, मी माज्या मर्जीनं आलोय.

इथं केस फसायची होती. मर्जीनं आलेल्या माणसाला कोण डांबून ठेवलं म्हणणार? पण चौकशीत माझा एक रिवाज होता. दोघांना कधी एका खोलीत बसवायचं नाही. समन्वयकाला महिला शिपायासोबत बाहेर पाठवलं आणि याला म्हटलं, भाऊ, बायको ठाण्यात बसलीय, जेवली नाही, तिला फोन करून सांगा मी खुशाल आहे. तो दाराकडं बघायला लागला. म्हटलं, लावा की. हळूच म्हणाला, फोन त्येंच्याकडं हाय.

बाहेर येऊन समन्वयकाला विचारलं. तो म्हणाला, चार्जिंगला लावला होता. मी म्हटलं, तीन दिवस? कुठला फोन आहे हो, आम्हालाही सांगा. फोन त्याच्या गाडीच्या डिकीतून निघाला, बंद करून पिशवीत गुंडाळलेला. पंच बोलावले, पंचनामा केला. मग मात्र त्याचा आवाज बदलला. म्हणाला, "मॅडम, बिनविरोध गावाचं सगळे कौतुक करतात. भांडण नाही, खर्च नाही. आम्ही यात वाईट काय केलं?"

त्याला खरंच तसं वाटत होतं, हे मी आजही मानते. मी एवढंच म्हटलं की भांडण नको असेल तर गावानं ठरवावं. तुम्ही कोण?

बेपत्ता माणूस सापडला की त्याचा जबाब घ्यायचा आणि घरच्यांच्या ताब्यात द्यायचा. त्याला ठाण्यात आणलं तेव्हा मुदत संपायला थोडा वेळ होता. आता माणूस मिळाला, प्रश्न मिटला, असं मला वाटलं. मिटला नव्हता. तो बायकोसमोर उभा राहिला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. म्हणाला, मी बी भंडारा उचललाय. बायकूचा अर्ज मागं घ्यायला लावीन, असा शब्द दिलाय देवाला. "तू आत्ता गेली न्हाईस तर पोरांवर यील गं त्ये."

अंमलदारसुद्धा लिहायचा थांबला. मी काही बोलू शकत नव्हते, तो कायद्याचा विषयच नव्हता. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"भंडारा तुमी उचललाय," ती म्हणाली. "देवापुढं तुमी जावा, नाक घासा, मी बी येती संगं. पर अर्ज माजा हाय. माज्या अर्जावर तुमी शबूद द्याल कसा?"

आणि ती बाकावर जाऊन बसली. मुदत संपेपर्यंत उठली नाही. डबा उघडून त्याला भाकरी दिली, आपण खाल्ली.

समन्वयकावर आणि नवऱ्याला बंगल्यावर पोचवणाऱ्या गावातल्या दोघांवर गुन्हा दाखल केला. डांबून ठेवणं, निवडणुकीत दबाव आणणं. त्या दोघांतले एक म्हणजे गावचे थोरले कारभारी. अर्ध्या तालुक्यात प्रत्येक गावाला एक नाना असतो, तसे हे नाना. तावातावानं ठाण्यात आले, म्हणाले, बाई, गावाची एकी मोडली तुमी. मी चहा मागवला आणि विचारलं, नाना, एकी होती तर एका बाईच्या अर्जानं मोडली कशी? चहा त्यांनी घेतला आणि टोपी सारखी करत निघाले.

मतदान झालं. बायकांची रांग पुरुषांच्या रांगेपेक्षा लांब होती. ती थोडक्या मतांनी निवडून आली. आणि खरी गंमत त्याच्या दुसऱ्या दिवशीची. सकाळी सकाळी कंपनीची गाडी तिच्या दारात. दुसरा समन्वयक, हातात पेढे. हरलेल्या घराकडं कुणी फिरकलंही नाही, ट्रकवाला सासरा वाट बघत बसला. तिनं पेढे परत केले आणि म्हणाली, ग्रामसभेला या, माइक देती, समद्यांम्होरं सांगा. तो आला, पडदा लावून चित्रं दाखवली. वाफ्यातल्या त्या थोरल्या बाईनं एकच विचारलं, झरा आटला तर पाणी कोण देणार. तो चित्रं मागं-पुढं करत राहिला, ठराव झाला नाही. घाट झाला नाही, सभामंडपही राहून गेला, आणि त्यावरून तिला आजतागायत टोमणे ऐकावे लागतात. कंपनी डोंगरापलीकडच्या गावात गेली. तिथं बिनविरोध झालं.

निवृत्त झाले तरी साक्षीला कोर्टात जावंच लागतं. मागच्या तारखेला व्हरांड्यात तो पहिला समन्वयक भेटला. आता दुसऱ्या कंपनीत आहे, मोठ्या हुद्द्यावर. आदरानं नमस्कार केला, शेजारी बसला. म्हणाला, "मॅडम, त्या गावात आमचं एकच चुकलं. अर्ध्या गावाशी आम्ही बोललोच नव्हतो. आता नव्या ठिकाणी गेलो की आधी बायकांना भेटतो. शिलाई मशीन देतो, सहली काढतो."

म्हणजे तोही शिकला होता. पैसा असलेला माणूस दर खेपेला शिकून येतो, हे या केसनं मला शिकवलं. त्याला पक्ष नसतो, जो निवडून येईल त्याच्या दारात तो सकाळी उभा असतो. पण त्याला एक गोष्ट कधी जमत नाही, हेही मी या केसमध्येच पाहिलं. त्याला बंद दार लागतं. देवळाचं असो, बंगल्याचं असो, साहेबाच्या केबिनचं असो. चारचौघांत उभं करून तेच बोलायला लावा, त्याची जीभ अडखळते.

मी त्याला म्हटलं, "भेटा की बायकांना. जरूर भेटा. फक्त ग्रामसभेत भेटा."

तो हसला. मग शिपायानं आमच्या केसचा पुकारा केला आणि आम्ही दोघं उठून आत गेलो.