अर्धा कप काढा

एका गुरुवारी सकाळी माझी पत्नी वारली.

आखातात, वादी कबीर वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये एसी लावला की तिची बोटं पांढरी पडत, बधिर होत. बारीक नसांपर्यंत रक्त पोचावं म्हणून त्याच शहरातल्या कुरुम भागातल्या एका चिनी वैद्याने मुळ्या-सालींच्या पुड्या दिल्या होत्या. ती त्यांचा काढा करताना माहेरच्या सवयीने आलं आणि गूळ घालायची. वैद्याला हे कधी सांगितलं नाही.

"अर्धा कप तुम्ही घ्या," ती म्हणायची.

"माझी बोटं चांगली आहेत."

"मग सोबत म्हणून तोंड वाकडं करा."

मी घ्यायचो. ती गेल्यावरही तसाच काढा करून एकटा पीत राहिलो. तो उकळला की घरात पूर्वीच्या सकाळचा वास यायचा.

आता डब्यात तिच्या वेळची शेवटची पुडी आहे. ती मी उकळलेली नाही.